फोन सेफ आहे, पण फोन बनवणारा?



'धंद्यासाठी कोणता फोन घ्यावा' हा आपला व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला. बारा मिनिटांत कॅमेरा, बॅटरी, बिझनेस व्हॉट्सॲप, यूपीआय, सिक्युरिटी अपडेट असं सगळं सांगून मी मोकळा झालो होतो. पण त्यानंतरच्या रविवारी पाचोऱ्याच्या बॅचमध्ये एक प्रश्न आला आणि माझी बोलती बंद झाली. तो विषय बारा मिनिटांत मावणारा नव्हता, म्हणून इथे लिहितोय. जरा निवांत वाचा.

झालं असं, की पिंपळगाव हरेश्वरकडून येणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, माझा फोन पाच वर्षांचा झाला. चालतो चांगला. पण तुमचा व्हिडिओ पाहिल्यावर भीती वाटायला लागली. बदलू का?" ताईंचा उडदाचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्यांचा धंदा आहे. पुणे, नाशिक आणि सुरत इथे माल जातो. सुरतेत आपले खान्देशी लोक किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, पत्ते फोनमध्ये. मी त्यांचा फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहिली. दोन वर्षं उलटून गेली होती. मी म्हटलं, "ताई, लगेच बदला."

मागच्या रांगेतून आवाज आला. "सर, फोन सेफ आहे का ते तुम्ही सांगता. फोन बनवणारा सेफ आहे का, ते पण सांगा ना."

बॅच हसली. मी पण हसलो. पण तो भाऊ हसत नव्हता. पंचविशीचा पोरगा, आयटीआय झालेला. पुण्याकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात ठेकेदारामार्फत दोन वर्षं लाइनवर काम करून गावी परत आलेला. आता मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय म्हणून आपल्याकडे शिकायला येतो. त्यानं सांगितलं की कामावर जाताना स्वतःचा फोन गेटवर जमा करावा लागायचा. आत-बाहेर जाताना अंगझडती. उभं राहून काम. ओव्हरटाइमचा हिशोब ठेकेदाराच्या वहीत, पीएफ कापलेला दिसायचा पण भरला का ते कळायचं नाही. "दिवसाला शेकडो बोर्ड माझ्या हातातून जायचे सर, पण घरी आईला काही झालं तर मला आठ तास कळायचं नाही."

कोण कंपनी, कोण ठेकेदार ते मी विचारलं नाही आणि इथे लिहायचंही नाही. पण त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच. आपण ज्याला सिक्युरिटी म्हणतो, ती फोन वापरणाऱ्याची. फोन बनवणाऱ्याची प्रायव्हसी मात्र गेटवर जमा होते.

कोलारमध्ये काय झालं होतं

हा एका पोराचा अनुभव म्हणून सोडून देता आला असता. पण घरी येऊन मी जुन्या बातम्या काढल्या. १२ डिसेंबर २०२० ला कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला विस्ट्रॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात सकाळी शिफ्ट बदलताना कामगारांचा भडका उडाला. काचा फुटल्या, गाड्या उलटवल्या. तिथे आयफोन बनत होता. म्हणजे सिक्युरिटी आणि प्रायव्हसीचं नाव काढलं की लोक सगळ्यात आधी ज्याचं नाव घेतात, तोच फोन.

तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण कारण काय होतं ते बघा, कारण ते आपल्यासारख्यांच्या कामाचं आहे. पगार वेळेवर नव्हता, ठरलेला नव्हता. बहुतेक कामगार ठेकेदारांकडचे होते. कर्नाटक सरकारच्या तपासणीत दिसलं की थोड्याच काळात कामगारांची संख्या पाच हजारांवरून साडेदहा हजारांवर गेली होती आणि त्या मानानं हजेरी आणि पगार सांभाळणारी व्यवस्था उभीच राहिली नव्हती. हजेरीच्या यंत्रणेत घोळ होते. आठवडाभरात ॲपलनं विस्ट्रॉनला नवीन काम देणं थांबवलं, विस्ट्रॉननं माफी मागितली आणि भारतातला एक मोठा अधिकारी काढला. पुढे २०२३ मध्ये तो कारखाना टाटा इलेक्ट्रॉनिक्सनं घेतला.

बरोबर एका वर्षानं, डिसेंबर २०२१ मध्ये, तमिळनाडूत चेन्नईजवळ फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना होस्टेलच्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेपेक्षा जास्त मुली दवाखान्यात. बाकीच्या मुली चेन्नई-बेंगळुरू हायवेवर बसल्या. तेव्हा बातम्यांत आलं की एकेका खोलीत सहापासून तीसपर्यंत मुली राहत होत्या, काही ठिकाणी संडासात पाणी नव्हतं. कारखाना बंद ठेवावा लागला, जानेवारीत हळूहळू सुरू झाला. २०२४ च्या जूनमध्ये रॉयटर्सनं आणखी एक बातमी दिली, की तिथे जोडणीच्या कामावर लग्न झालेल्या बायकांना घेत नाहीत. कंपनीनं ते नाकारलं. केंद्राच्या कामगार खात्यानं राज्याकडून अहवाल मागवला.

आता तुम्ही म्हणाल, सर, कोलार आणि चेन्नई आपल्यापासून लांब. लांब आहे खरं. पण आठवतं का, ऑगस्ट २०१५ मध्ये याच फॉक्सकॉननं महाराष्ट्र सरकारशी करार केला होता? पाच अब्ज डॉलर, पन्नास हजार नोकऱ्या. तेव्हा आपल्या भागातल्या पोरांनी काय काय स्वप्नं पाहिली. २०२० च्या सुरुवातीला उद्योगमंत्र्यांनीच सांगितलं की तो कारखाना काही येत नाही. आला असता तर त्या लाइनवर कोण उभं असतं? पाचोरा, भडगाव, पारोळ्याचीच पोरं-पोरी. मी स्वतः त्यांना 'जा' म्हणून सांगितलं असतं. आजही सांगेन. नोकरी लागतेच. फक्त पगाराची पावती मागायला शिकवून पाठवीन.

आणि कारखाना ही फक्त शेवटची पायरी झाली. बॅटरीत कोबाल्ट लागतो. जगातला सुमारे ७० टक्के कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोतून येतो आणि तिथल्या हातानं खणायच्या खाणींत लहान मुलं काम करतात, हे ॲम्नेस्टीनं २०१६ मध्ये नावानिशी मांडलं. आपल्या झारखंडात कोडरमा-गिरिडीहच्या बाजूला अभ्रक वेचायलाही पोरं जातात. अभ्रक मेकअपच्या डबीत जातो तसा इलेक्ट्रॉनिक्समध्येही जातो.

मग कोणता फोन घ्यायचा?

इथे मला दोन प्रकारचे सल्ले ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिला सल्ला: 'चांगल्या' कंपनीचाच घ्या, बाकीच्यांवर बहिष्कार टाका. ठीक आहे, पण तो चांगला फोन दाखवा तरी. हॉलंडची फेअरफोन म्हणून कंपनी आहे, २०१३ पासून. खनिज कुठून येतं, कामगाराला काय मिळतं याचा ती हिशोब देते, स्क्रू काढून बॅटरी आणि स्क्रीन स्वतः बदलता येते, २०२३ च्या त्यांच्या पाचव्या मॉडेलला आठ वर्षं सॉफ्टवेअर देण्याचं वचन होतं. तेव्हा किंमत ६९९ युरो होती आणि विक्री युरोपात. पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवर तो काही मिळत नाही. उलट बाजूनं, प्रायव्हसीचे कट्टर लोक फोनमधलं सॉफ्टवेअर काढून ग्राफीनओएस नावाचं टाकतात. ते कशावर चालतं? गूगलच्याच पिक्सेल फोनवर. गूगलपासून लपायला गूगलचा फोन विकत घ्यायचा! मला यात वाईट काही दिसत नाही, हसू मात्र येतं. सांगायचं एवढंच, की दोन्ही बाजूंनी शंभर टक्के स्वच्छ असा फोन आपल्या बाजारात नाही. 'अमुक घ्या म्हणजे मन साफ' असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय.

दुसरा सल्ला याहून वाईट. "सर, आपला डेटा तर केव्हाच गेलाय, आता काय लपवायचं?" असं म्हणणारे धंदेवाले मला दर बॅचला दोन तरी भेटतात. भाऊ, तो डेटा तुझा एकट्याचा नाही. गिऱ्हाइकांचे पत्ते, उधारीची वही, तुझ्याकडे काम करणाऱ्या बायकांचे आधारचे फोटो, बँकेच्या पासबुकाचे फोटो, हे सगळं तुझ्या फोनमध्ये आहे आणि लोकांनी विश्वासानं दिलंय. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा आरटीओ चलनच्या नावानं एपीके फाइल येते, कोणीतरी दाबतं, ओटीपी परस्पर तिसऱ्याकडे जायला लागतात आणि खातं साफ. जुन्या, अपडेट बंद झालेल्या फोनवर अशा गोष्टींना दार आणखी सताड उघडं. (असं झालंच तर पहिला फोन १९३० ला लावायचा. पोलीस ठाण्यात जाऊ, मग बघू, असं करायचं नाही. पहिले काही तासच महत्त्वाचे.)

म्हणजे पेच असा. जुना फोन वापरत राहावं तर खाणीवरचा आणि कारखान्यावरचा भार कमी, पण गिऱ्हाइकाचा डेटा उघड्यावर. दर दोन वर्षांनी नवीन घ्यावा तर डेटा सुरक्षित, पण प्रत्येक वेळी नवीन कोबाल्ट, नवीन लाइन, नवीन ठेकेदार. फोनच्या अख्ख्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होतं, चार्जिंगला लावताना नाही.

खूप विचार केल्यावर मला एकच जागा सापडली जिथे दोन्ही हिशोब जुळतात. ती म्हणजे फोनला किती वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळणार. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर बघा. दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: "याला अपडेट कुठल्या सालापर्यंत?" त्याला माहीत नसतं. हरकत नाही, कंपनीच्या वेबसाइटवर बघा. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं दिली, सॅमसंगनं २०२४ च्या सुरुवातीला एस२४ ला सात दिली. हे महागडे झाले. पण २०२४ च्या शेवटी वीस हजारांच्या आत आलेल्या गॅलॅक्सी ए१६ फाइव्ह-जीला पण सहा वर्षांचं वचन होतं. मी कुणाची जाहिरात करत नाही, सांगायचं एवढंच की स्वस्तातही हे आता शक्य आहे. उलट नऊ-दहा हजारांच्या बऱ्याच फोनमध्ये दोन-तीन वर्षांत अपडेट संपतात, शिवाय न मागता दहा-पंधरा ॲप आधीच टाकलेली, लॉक स्क्रीनवर जाहिराती. तो फोन स्वस्त का आहे? थोडे पैसे तुम्ही देता, थोडे तुमच्या माहितीतून निघतात. दहा हजारांचा फोन दोन वर्षं म्हणजे वर्षाला पाच हजार. अठरा हजारांचा सहा वर्षं म्हणजे वर्षाला तीन. मधे एकदा बॅटरी बदलायचा खर्च धरा. तरी स्वस्त. बैलजोडी घेताना आपण दात बघतो, पाय बघतो, किती वर्षं औत ओढेल ते बघतो. फोन घेताना रंग बघतो!

सहा वर्षं वापरायचा म्हणजे रिपेअरिंग आलंच. आणि इथे माझी स्वतःची एक फजिती. दोन वर्षांपूर्वी माझा डिस्प्ले गेला. एका दुकानात दिला. दुकानदारानं विचारलं, "सर, पॅटर्न?" मी सांगितला. त्यानं कागदाच्या चिठ्ठीवर नऊ ठिपके काढून पॅटर्न रेखाटला आणि ती चिठ्ठी माझ्याच फोनच्या पाठीवर चिकटवून फोन काउंटरवर ठेवला. दोन दिवस. त्यात माझ्या सगळ्या बॅचचे नंबर, कुणाकुणाच्या कर्जाच्या फाइली, उद्यम नोंदणीसाठी आलेली आधार कार्डं. मी सिक्युरिटीवर व्हिडिओ करणारा माणूस! काही झालं नाही, निदान मला कळलं तरी नाही. पण त्या दोन दिवसांची झोप आठवते. आता काही फोनमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असतो, तो चालू केला की मेकॅनिकला फोन तपासता येतो पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. तो नसेल तर बॅकअप घेऊन फोन कोरा करून द्या. निदान सिम काढा आणि समोर बसून करून घ्या.

मागच्या रांगेतल्या त्या भावाला मी म्हटलं, तुझ्या दुकानाचा धंदा इथेच आहे. 'गिऱ्हाइकाचा पॅटर्न मागणार नाही, मागितला तर तुमच्या समोरच काम करणार' एवढी पाटी लावलीस तर पाचोऱ्यात तुझं दुकान वेगळं दिसेल. तो म्हणाला, "पार्ट ओरिजिनल मिळत नाही सर, त्याचं काय?" बरोबर आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, तिथे कंपन्यांनी सर्व्हिसची आणि सुट्या भागांची माहिती द्यायची आहे. पण कायद्याची सक्ती नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि सात वर्षं सुटे भाग. त्याच कंपन्या तिथे मुकाट्यानं देतात. म्हणून माझं मत असं, की तुम्ही-आम्ही एकेकट्यानं कोणता फोन घेतला यानं कारखान्यात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो नियमानं आणि आवाजानं. २०२५ च्या शेवटचं उदाहरण बघा. सरकारनं प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकून द्या असा आदेश काढला, लोकांनी प्रायव्हसीचा प्रश्न विचारला आणि काही दिवसांत सक्ती मागे घेतली. ॲप वाईट नाही, मी स्वतः वापरतो. सेकंडहँड फोन घेणार असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय काढा आणि संचार साथीवर तपासा, चोरीचा असेल तर कळेल. पण स्वतः टाकणं वेगळं आणि कुणी टाकून देणं वेगळं.

आपल्या दुकानातला कारखाना

एवढं सगळं बोलून झाल्यावर त्या भावानं आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला नव्हे, ताईंना. "ताई, तुमच्याकडे किती बायका पापड लाटतात?"

"सात."

"त्यांचा हिशोब कुठे लिहिता?"

ताई म्हणाल्या, डोक्यात. किलोवर दर ठरलेला आहे, शनिवारी पैसे देते, कधी मागेपुढे होतं. आणि बायकांचे आधार, पासबुकाचे फोटो? ते गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या मधे. बचत गटाच्या ग्रुपवर पण एकदा टाकलेले.

बॅच शांत झाली. कारण सगळ्यांचं तसंच आहे. माझ्याकडे व्हिडिओ एडिट करणारा मुलगा आहे, त्याची सुट्टी किती झाली ते मला सांगता येणार नाही. कोलारच्या कारखान्यात काय झालं होतं? हजेरीचा घोळ, पगाराची अनिश्चितता, मधला माणूस. साडेदहा हजार माणसांचा तो कारखाना सात बायकांच्या ओट्यापेक्षा मोठा, एवढाच फरक. आणि डेटाचा कायदा, २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, त्यात अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण तो मोठ्या कंपन्यांसाठीच असं समजून आपण निवांत. पण ज्या बाईनं आपलं आधार तुमच्या हातात दिलं, तिला कायद्याचं नाव माहीत नसलं तरी तिचा विश्वास तोच आहे. बँकेला हवं असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काम झालं की फोटो उडवा, 'रिसेंटली डिलीटेड'मधूनही उडवा. दुकानात सीसीटीव्ही लावलाय ना? गल्ल्यावर असू द्या. बायका जेवायला बसतात त्या खोलीत कशाला?

कुणी म्हणेल, सर, धंदा शिकवायचा सोडून हे काय लावलंय. मी याला धंदाच म्हणतो. पुण्याचं एखादं मोठं दुकान उद्या ताईंचा माल घेईल तेव्हा विचारेल, पापड कोण लाटतं, कुठे लाटतं, किती देता. आज आपण फोन कंपनीला जे विचारतो, तेच आपल्याला कुणीतरी विचारणार आहे.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगतो. त्यांनी सहा वर्षं अपडेटवाला फोन घेतला, हप्त्यावर. जुना टाकला नाही. तो कोरा केला, सिम नाही, यूपीआय नाही, फक्त पापडांचे फोटो काढायला आणि बिलाचा कॅल्क्युलेटर म्हणून ठेवलाय. लेकीनं मागितला गेम खेळायला, ताईंनी दिला नाही. पुढच्या रविवारी येताना एक वही घेऊन आल्या. सात बायकांची नावं, कोणी किती किलो लाटले, किती दिले, समोर सही. दोघींचे अंगठे. वही त्या भावाला दाखवली. त्यानं पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "ताई, दर वाढवला का?"

"दिवाळीच्या ऑर्डरी येऊ दे भाऊ," ताई म्हणाल्या, "मग बघते." तो म्हणाला, "वहीत तारीख टाका मग." ताईंनी माझा पेन घेतला आणि शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.